राजाची रोल्स वारसा, आणि आपली मॅटाडोर भंगार?

लोकहो, आजची पोस्ट मोठी आहे. आत्ता वेळ नसेल तर रात्री जेवण झाल्यावर वाचा, पण अर्धी वाचून कमेंट करू नका एवढी विनंती.

मागच्या आठवड्यात आपल्या तालुक्यातल्या एका सरकारी आवारातून तीन गाड्या क्रेनने उचलून नेल्या. एक महिंद्राची जीप आणि दोन मॅटाडोर. टायर केव्हाच बसलेले, हौद्यात बाभळ उगवलेली. एक-दोघांनी फोटो काढून 'चला, कचरा गेला एकदाचा' असं स्टेटस टाकलं. त्यावर हसण्याच्या इमोजी पडल्या. मलाही कुणीतरी पाठवलं.

आता जरा आठवा. यातली एक मॅटाडोर आरोग्य खात्याची होती. पावसाळ्यात पलीकडच्या वाड्यांवरून अडलेल्या बायका तिनेच आणल्या. पोलिओच्या लशींचे बर्फाचे डबे तिच्यातूनच गेले. जीप निवडणुकीला मतपेट्या घेऊन फिरली, दुष्काळात टँकरच्या पुढे फिरली आणि एरवी साहेबांना घेऊन फिरली. आपल्या गावाचा गेल्या चाळीस-पन्नास वर्षांचा इतिहास लिहायचा झाला तर त्यात पुढाऱ्यांइतकीच जागा या गाड्यांना द्यावी लागेल. आणि आपण त्यांना कचरा म्हणतोय.

नियम काय आहे ते आधी सांगतो, कारण 'साहेबांनी विकून खाल्ल्या' अशी कुजबुज लगेच सुरू झालीय. तसं काही नाही. केंद्राने जानेवारी २०२३ मध्ये अधिसूचना काढली आणि १ एप्रिल २०२३ पासून सरकारी गाडीची नोंदणी १५ वर्षं झाली की संपते. नूतनीकरण नाही. केंद्राची गाडी असो, राज्याची असो, नगरपालिकेची असो की एसटीची. सूट आहे ती संरक्षण आणि कायदा-सुव्यवस्थेच्या खास वाहनांना. बाकी सगळ्या गाड्यांची विल्हेवाट नोंदणीकृत स्क्रॅप केंद्रातच लावायची. तिथे गाडी सोलतात, तेल काढतात, दाबतात आणि लोखंड भट्टीला जातं. ऑफिसातल्या बाबू लोकांनी नियम पाळला. माझं भांडण नियमाशी आहे.

कारण आधी काय व्हायचं? गाडीचं निर्लेखन व्हायचं, लिलाव व्हायचा, आणि लिलावात आपल्याच गावचा एखादा मिस्त्री ती गाडी घ्यायचा. सहा महिने, वर्षभर गॅरेजमागे उभी करायचा आणि हळूहळू उभी करायचा. स्टँडमागच्या गल्लीत, मार्केट यार्डाच्या भिंतीला लागून, हे काम आपण लहानपणापासून बघत आलोय. फक्त त्याला 'रिस्टोरेशन' म्हणतात हे आपल्याला आत्ता इन्स्टाग्रामवरून कळलं. आपण त्याला 'गाडी बनवणं' म्हणायचो.

आणि बनवणं हाच शब्द बरोबर आहे. जुनी पिकअप किंवा जीप आली की चांगला मिस्त्री आधी इंजिनाकडे बघतच नाही. तो खाली झोपतो आणि चेसी बघतो. हातोडीने ठकठक करत जातो. आवाज टणक आला तर लोखंड जिवंत, भद्द आला तर आतून गंजलंय. पाट्यांचे हँगर जिथे चेसीला बसतात तिथे चिखल साचून राहतो, म्हणून तिथे हमखास तडा असतो. मग केबिनचा खालचा पत्रा. तो गेलेलाच असतो, कारण वर रबरी मॅट आणि खाली पाणी. तो कापून नवा पत्रा टाकायचा, पण नुसता वेल्ड मारून नाही, आधी दरवाजे लावून, त्यांच्या फटी जुळवून. नाहीतर फरशी सुंदर होते आणि दार लागत नाही! मग किंगपिन, बुश, स्टिअरिंग बॉक्समधला ढिलेपणा. इंजिन लेथवाल्याकडे जातं. बोअर करायचं की स्लीव्ह टाकायची, क्रँक घासायचा का, यावर चहाच्या तीन फेऱ्या होतात. पिस्टन मिळत नसेल तर दुसऱ्या कुठल्या गाडीचा बसतो हे तोंडपाठ असलेला एक म्हातारा प्रत्येक जिल्ह्यात असतो. हे ज्ञान कुठल्या पुस्तकात नाही. आपल्या आयटीआयमध्ये मेकॅनिक मोटर व्हेईकल आणि शीट मेटल वर्करचे ट्रेड आहेत, चांगले आहेत, पण जुन्या केबिनची गोलाई हातोडी आणि वाळूच्या पिशवीवर कशी काढायची हे शिकवणारे हात आता आपल्या गावात दोन उरलेत. दोघंही साठीच्या पुढचे. लांबी फासून खड्डा झाकणारे शंभर मिळतील.

या हातांना काम मिळणार कुठून, जर जुनी गाडी आवारातून थेट भट्टीत जाणार असेल?

आता कुणी म्हणेल, अहो पत्रकार, सरकारने जुन्या गाड्यांसाठी विंटेजचा कायदा केलाय की. केलाय ना. तोच तर सांगायचाय.

जुलै २०२१ मध्ये विंटेज गाड्यांचे नियम आले. दुचाकी किंवा चारचाकी ५० वर्षांहून जुनी हवी, मूळ रूपात राखलेली हवी, चेसी, बॉडी, इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नको. नोंदणीची फी २०,००० रुपये, दहा वर्षांसाठी. नूतनीकरण ५,०००. नंबर प्लेटवर 'व्हीए' अक्षरं. रस्त्यावर कधी आणायची? प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, आणि पेट्रोल भरायला किंवा दुरुस्तीला. रोज वापरायची नाही. धंद्याला तर नाहीच नाही.

ऐकायला छान आहे. आता त्यात आपली गाडी बसवून बघा.

नोव्हेंबर २०२० मध्ये या नियमाचा मसुदा आला होता, तेव्हाच त्यात वर्गवारी लिहिली होती: दुचाकी, आणि चारचाकीत 'एम-१'. आता एम-१ म्हणजे काय, तर माणसं वाहणारी गाडी, ड्रायव्हर सोडून आठ सीटपर्यंत. माल वाहणाऱ्या हलक्या गाडीचा वर्ग आहे 'एन-१'. पिकअप, टेम्पो, हौद्याची मॅटाडोर, सगळे एन-१. म्हणजे ज्याने कायदा लिहायला घेतला त्याच्या डोळ्यासमोर वारसा म्हणून कार आली, जास्तीत जास्त बुलेट आली. माल वाहून वाहून जिचे पाटे सपाट झाले ती गाडी आलीच नाही. पुढे नियम आला तोही खासगी वापराच्याच भाषेत. महाराजांची रोल्स रॉईस वारसा. तिच्यातून महाराज शिकारीला गेले होते. आपल्या आजोबांच्या मॅटाडोरमधून कांदा, कोंबड्या आणि वऱ्हाड गेलं, म्हणून ती भंगार.

मला कुणी सांगा, महाराष्ट्राच्या बोलीत रोल्स रॉईसने किती शब्द दिले? एकही नाही. आणि 'टेम्पो'? १९५८ साली फिरोदियांनी जर्मनीच्या टेम्पो कंपनीच्या सहकार्याने बजाज टेम्पो उभी केली. आधी तीनचाकी आली, मग साठच्या दशकाच्या शेवटी मॅटाडोर आली. आज कंपनीचं नाव फोर्स मोटर्स आहे, पण माल वाहणाऱ्या कुठल्याही गाडीला आपण टेम्पोच म्हणतो. 'टेम्पो सांगितलाय का?' असं विचारतो. टाटाची असली तरी टेम्पो, महिंद्राची असली तरी टेम्पो. पुण्याच्या कारखान्यातून निघालेली गाडी मराठी भाषेत सामान्य नाम होऊन बसली, याहून मोठा वारशाचा दाखला अजून काय हवा?

बरं, हौद्याची गाडी राहू द्या. जीप तर एम-१ मध्ये बसेल ना? बसेल की. पण मग 'मूळ रूपात' हा शब्द आडवा येतो.

आपल्याकडच्या जुन्या जीपगाड्यांची गोष्ट काय आहे? पेट्रोलवरची जीप, जुन्या बनावटीचं हरिकेन इंजिन. १९७३ नंतर जगभर तेल भडकलं आणि पेट्रोलची जीप शेतकऱ्याला परवडेना. मग लोकांनी काय केलं? डिझेल इंजिन बसवलं. कुणी ट्रॅक्टरचं, कुणी मॅटाडोरचं. मॅटाडोरचं इंजिन तर जीपमध्ये बसलं, अॅम्बॅसडरमध्ये बसलं, पाण्याच्या पंपावर बसलं. त्यासाठी मिस्त्रींनी स्वतः माउंटिंग बनवली, गिअरबॉक्सला जोडायच्या प्लेटा लेथवर काढल्या, रेडिएटर पुढे सरकवला. पुढे कंपन्यांनीच डिझेल जीपा आणल्या, पण त्याआधी हा प्रयोग गॅरेजात झाला होता.

म्हणजे आपल्या जीपमध्ये झालेला 'फेरफार' हाच तिचा इतिहास आहे. तो पुसला तर उरतं काय? आणि कायदा म्हणतो, इंजिन बदललंय ना, मग तू विंटेज नाहीस. ज्याच्याकडे पैसा होता, पेट्रोल परवडत होतं, गाडी बंगल्याच्या पोर्चमध्ये झाकून ठेवता येत होती, त्याचीच गाडी ५० वर्षं 'मूळ रूपात' राहिली. ज्याची गाडी राबली तिला पत्रा बदलावा लागला, इंजिन बदलावं लागलं. कष्टकऱ्याच्या गाडीचं चारित्र्य डागाळलेलंच असणार!

आणि बाकी गाड्यांना फेरफाराचा कायदा काय आहे? मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२. कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलापेक्षा आरसीतले तपशील वेगळे पडतील असा बदल मालकाने करायचा नाही. दुसऱ्या इंधनाचं किट, त्याच प्रकारचं इंजिन, असे ठरावीक अपवाद आहेत, तेही परवानगीने आणि नोंदीने. जानेवारी २०१९ मध्ये केरळच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हे आणखी घट्ट केलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीत कलम १८२-अ आलं. बेकायदा बदल केला तर सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलाला ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. प्रत्येक बदलाला, हे लक्षात घ्या. पिकअपला चार गोष्टी केल्या तर वीस हजार.

मी म्हणत नाही की कायदा नको. रस्त्यावर कुणीही काहीही जोडून पळवायला लागलं तर माणसं मरतील. पण मग कायदा सगळ्यांना लागू द्या की राव. गणपतीत, जयंतीला, लग्नाच्या वरातीत आपल्याच मेन रोडवरून डीजेची गाडी जाते ना? तिचा हौदा कापलेला असतो, वर दुप्पट उंचीची लोखंडी चौकट, त्यावर स्पीकरची भिंत, मागे जनरेटर. तारांना लागते म्हणून एक पोरगा वर बांबू घेऊन उभा असतो. हा कलम ५२ मध्ये बसणारा बदल आहे का? त्या गाडीसमोर पोलीस बंदोबस्त असतो, पुढारी नाचतात. साखर कारखाना सुरू झाला की ऊस लादलेल्या डबल ट्रॉल्या रात्री मागच्या लाल दिव्याशिवाय पळतात, त्यांच्याकडे कुणाचं लक्ष जात नाही. आणि एखाद्या पोराने आजोबांची जीप वर्षभर खपून नीट केली आणि रविवारी पेट्रोल पंपावर आणली, की पथक बरोबर तिलाच थांबवतं. कारण ती दिसते. चकाकते. आणि चालवणारा पोरगा कुणाचा माणूस नसतो.

आता जरा आपल्याच लोकांकडे वळतो. ज्यांना राग येईल त्यांना येऊ द्या.

ही जी 'मॉडिफाय'ची लाट आलीय, तिने जुन्या गाडीचं स्क्रॅप केंद्रापेक्षा जास्त वाटोळं केलंय. चांगली अख्खी जुनी पिकअप घ्यायची, टप उडवायचा, चेसी मधून कापून आखूड करायची, ट्रॅक्टरसारखे टायर घालायचे, पुढे बुल बार ठोकायचा, टपावर दिव्यांची माळ लावायची आणि खाली गाणं टाकून रील. बुल बारवर कारवाई करा असं केंद्राने डिसेंबर २०१७ मध्येच राज्यांना कळवलंय, कारण धडकेत समोरचा पायी माणूस त्याने जास्त जखमी होतो आणि आतल्याचंही भलं होत नाही. रुंद टायर घातले की स्टिअरिंगवर आणि बेअरिंगवर भार येतो. गाडी उंच केली की वळणावर कलंडते. हे मिस्त्रीला माहीत असतं. गिऱ्हाईक ऐकत नाही. आणि मिस्त्रीही 'जाऊ दे, पैसे देतोय' म्हणून करून देतो. त्या मिस्त्रींनाही मी सोडणार नाही. तुमच्या हातात कला आहे आणि तुम्ही ती असल्या तमाशाला विकता.

त्याहून वाईट गोष्ट म्हणजे कागद. पंजाब-हरियाणाच्या सीमेवरचं मंडी डबवाली हे गाव जुन्या जीपा बनवून विकण्यासाठी देशभर नाव कमावून आहे. तिकडचं काम देखणं असतं, नाही म्हणत नाही. पण आपल्याकडची पोरं व्हॉट्सअॅपवर फोटो बघून ॲडव्हान्स पाठवतात आणि गाडी ट्रकवरून आल्यावर कळतं की आरसी एका गाडीची आणि लोखंड दुसऱ्या गाडीचं. हा धंदा कुठल्याही गावातून होऊ शकतो, आपल्याही. दोन गाड्यांची एक करायची, जुन्या कागदाचा चेसी नंबर नव्या चेसीवर पंच करायचा. हे रिस्टोरेशन नाही, गुन्हा आहे. चोरीच्या गाडीचं पाप तुमच्या दारात उभं राहतं आणि अपघात झाला की विमा कंपनी हात वर करते. माझ्या इनबॉक्समध्ये अशी तीन प्रकरणं आहेत. तिघांनीही गाडी आवडली म्हणून घेतली, कागद 'नंतर बघू' म्हणाले. गाडी घेताना आधी चेसी नंबरचा ठसा कागदावर पेन्सिलने घासून घ्या, आरसीशी ताडा, मग चहा प्या.

तर असं आहे. एकीकडे कायदा म्हणतो हातच लावू नका, दुसरीकडे हौशी लोक म्हणतात काहीही करू. जो मधला माणूस गाडी तिच्या रूपात ठेवून सुरक्षित करू बघतो, त्याला जागाच नाही.

सुरक्षित म्हणजे काय ते सांगतो. साठ-सत्तरच्या दशकातल्या बहुतेक जीप-पिकअपला चारही चाकांना ड्रम ब्रेक आणि ब्रेकची लाइन एकच. म्हणजे एका चाकाचा पाइप फुटला की पॅडल तळाला जातं आणि चारही चाकांचे ब्रेक एकदम जातात. घाटात हे झालेले लोक आपल्यात आहेत, आणि झालेले पण आता नसलेलेही आहेत. शहाणा मिस्त्री अशा गाडीला दोन कप्प्यांचा मास्टर सिलिंडर बसवतो, म्हणजे पुढचे गेले तर मागचे राहतात. जमलं तर पुढे डिस्क देतो. सीट बेल्टला चेसीपर्यंत जाणारा आधार देतो. यातलं काहीही 'मूळ रूपात' नव्हतं! आता अधिकाऱ्याने ठरवायचं, हा मोठा फेरफार की छोटा. त्याच्या मर्जीवर. आणि मर्जी आली की एजंट आला, हे तुम्हाला मी नव्याने सांगायला नको.

बाहेरच्या देशांत हा गुंता सोडवलाय. इंग्लंडमध्ये ४० वर्षांवरच्या गाडीला ऐतिहासिक धरतात आणि वार्षिक तपासणीतून सूट देतात. अट अशी की गेल्या ३० वर्षांत मोठा बदल झालेला नसावा. गेल्या ३० वर्षांत! त्याआधी झालेला बदल गाडीच्या इतिहासाचा भाग मानतात. शिवाय सुरक्षितता किंवा प्रदूषण सुधारण्यासाठी अॅक्सल, ब्रेक वगैरे रनिंग गिअरमध्ये केलेला बदल ते मोठा बदल धरत नाहीत. हा नियम आपल्याकडे असता तर डिझेल केलेली जीप आणि दोन कप्प्यांचा ब्रेक, दोन्ही प्रश्न एका फटक्यात सुटले असते.

अमेरिकेत तर पिकअपची पूजाच असते. १९४७ ते १९५५ च्या शेवरोलेच्या गोल नाकाच्या पिकअप आणि १९४८ पासूनच्या फोर्डच्या एफ मालिकेतल्या गाड्या. याही शेतकऱ्यांच्याच होत्या, कडबा, डुकरं आणि दुधाचे कॅन वाहणाऱ्या. तिथे त्यांचे दरवाजे, फाळके, मडगार्ड आजही नवे बनवून विकले जातात. कुणी मूळ रंगासकट जशीच्या तशी करतं, कुणी बाहेरून जुनी ठेवून आत नवं इंजिन आणि ब्रेक टाकतं. अनेक राज्यांत अशा बदललेल्या जुन्या गाडीला वेगळ्या वर्गात नोंदवायची सोय आहे. लपवाछपवीची गरजच पडत नाही.

आणि गंमत बघा. अमेरिकेच्या विलीज कंपनीने १९५६ मध्ये चपट्या तोंडाची एक पिकअप काढली, 'फॉरवर्ड कंट्रोल' नावाची. ड्रायव्हर चाकाच्या वर बसतो, पुढे बॉनेट नाही. तिथे ती फार चालली नाही, १९६५ ला बंद पडली. तीच गाडी महिंद्राने आपल्याकडे घेतली आणि ती पुढे कित्येक वर्षं चालली. एफसी म्हणायचे तिला. बांधकाम खात्यात होती, काही शाळांच्या मिनीबसही त्याच सांगाड्यावर होत्या. आज अमेरिकेत जुनी फॉरवर्ड कंट्रोल सापडली की हौशी लोक शेकडो मैल जाऊन ती घेऊन येतात. आपल्याकडे तिची केबिन मी एका मळ्यात कोंबड्यांच्या खुराड्याला लावलेली पाहिलीय. खुराडं भक्कम आहे, कोंबड्या खुश आहेत, माझी तक्रार फक्त आपल्याबद्दल आहे.

प्रदूषणाचं काय, हा प्रश्न येणारच, आणि तो खरा आहे. रोज दीड टन माल भरून काळा धूर ओकत जाणारा तीस वर्षांचा टेम्पो रस्त्यावरून गेलाच पाहिजे, माझं दुमत नाही. तो आपल्याच पोरांच्या छातीत जातो. १५ वर्षांनंतरच्या ट्रकच्या पासिंगची फी एप्रिल २०२२ पासून दीड हजारावरून १२,५०० केली, कारच्या पुनर्नोंदणीची ६०० वरून ५,००० केली, त्यामागे हाच विचार होता. त्यावरही बोलता येईल, कारण गरीब टेम्पोवाल्याला नवी गाडी घ्यायला स्क्रॅपमधून मिळतात किती? नव्या गाडीच्या किमतीच्या चार-सहा टक्के आणि करात सवलत. पण तो वेगळ्या पोस्टचा विषय. इथे मी बोलतोय ते वर्षातून चार-पाच वेळा बाहेर पडणाऱ्या गाडीबद्दल. ती जत्रेला येईल, १५ ऑगस्टला येईल, शाळेच्या प्रदर्शनात उभी राहील. तालुक्यात अशा वीस गाड्या असल्या तरी त्यांचा वर्षाचा धूर बायपासवर एका तासात निघणाऱ्या धुरापेक्षा जास्त होणार नाही.

पैशाचीही गोष्ट आहे, ती लपवायची कशाला? आपल्या गावातली नीट केलेली जुनी गाडी पोट भरते ती प्री-वेडिंगच्या शूटवर आणि नवरदेवाच्या वरातीवर. दिवसाचं भाडं मिळतं म्हणून मालक ती सांभाळतो, म्हणून मिस्त्रीला काम मिळतं, डेंटर-पेंटरला मिळतं, सीट शिवणाऱ्याला मिळतं. विंटेजच्या नियमात हा व्यावसायिक वापर म्हणून बंद. मग गाडी सांभाळणार कोण? ज्याला तिच्यातून एक रुपया नको असेल तोच, म्हणजे पुन्हा बंगलेवालाच. वरातीला दहा किलोमीटरच्या वेगाने जाणाऱ्या जीपने देशाचं कोणतं नुकसान होतं ते मला कळलेलं नाही.

नगरला रणगाड्यांचं संग्रहालय आहे, लांबून लोक बघायला येतात. गुरुग्रामजवळ तावडूला वाहतुकीच्या साधनांचं मोठं संग्रहालय एका खासगी संग्राहकाच्या हौशीतून उभं राहिलं. आपल्याकडे नगरपालिकेचा जुना जकात नाका रिकामा पडलाय, तिथे दारूच्या बाटल्या सापडतात. त्यात एक जीप, एक मॅटाडोर आणि एक एफसी उभी करायला किती खर्च येईल? मागच्या स्वागत कमानीपेक्षा नक्कीच कमी.

म्हणून आता सरळ मागण्या. खासदार साहेबांनी संसदेत परिवहन मंत्र्यांना विचारावं की विंटेजच्या नियमात हलकी मालवाहू गाडी का नाही, आणि जुने इंजिन बदल व सुरक्षिततेचे ब्रेक यांना सूट देणार का. मंत्री महाराष्ट्राचे, नागपूरचे आहेत, त्यांना टेम्पो म्हणजे काय हे समजावून सांगावं लागणार नाही. आमदार साहेबांनी राज्याकडून केंद्राला एवढंच कळवायला लावावं की प्रत्येक तालुक्यात निर्लेखित झालेली एक सरकारी गाडी इंजिन बंद करून, नोंदणी रद्द करून, प्रदर्शनासाठी ठेवायची मुभा द्या. ती रस्त्यावर येणारच नाही, मग ती भट्टीत घालायची कशाला? आणि आयटीआयच्या प्राचार्यांना हात जोडून विनंती, आपले दोन म्हातारे मिस्त्री हात चालताहेत तोवर त्यांना आठवड्यातून एक दिवस वर्गात बोलवा. मानधन नसेल तर आपण वर्गणी काढू.

आरटीओतल्या मित्रांनाही एक सांगणं आहे. रविवारी जीप अडवा, कागद बघा, ब्रेक बघा, दिवे बघा, दंड बसत असेल तर करा. पण त्याच संध्याकाळी डीजेचीही गाडी अडवा. मी फोटोग्राफरला घेऊन येतो, पहिल्या पानावर छापतो, तुमच्या बाजूने.

त्या तीन गाड्या अजून दाबल्या गेल्या नसाव्यात. चौकशी केली तर केंद्रावर रांग आहे म्हणतात. सोमवारी सकाळी साडेअकराला तहसीलला निवेदन द्यायला जातोय, निदान आरोग्य खात्याची मॅटाडोर थांबवता येते का बघायला. ज्यांना यायचंय त्यांनी यावं, सेल्फीवाले नाही आले तरी चालेल. त्या गाडीवर ड्रायव्हर असलेले काका आता मुलाकडे पुण्याला राहतात, त्यांचा फोन नंबर कुणाकडे असेल तर मला इनबॉक्समध्ये पाठवा, कमेंटमध्ये टाकू नका. आणि कुणाच्या घरी जुन्या टेम्पोचा, जीपचा, एफसीचा फोटो असेल, आजोबा हौद्याला टेकून उभे आहेत असा, तर तो खाली टाका. साल आणि गाव लिहा. निवेदनासोबत जोडतो.